ॲम्बेसिडरला इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाकायचं का? टाका, पण आधी डेल्को उघडून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की आजोबांची १९७७ची मार्क थ्री ॲम्बेसिडर आहे, बडोद्यातच असते, सकाळी एका सेल्फमध्ये चालू होते पण हायवेला अर्धा तास चालवली की मिसिंग मारायला, म्हणजे मधूनमधून अडखळायला लागते, दर दोनेक महिन्यांनी पॉइंट घासून घ्यावे लागतात, एक मेकॅनिक म्हणतो इलेक्ट्रॉनिक किट टाका आणि कटकट संपवा, दुसरा म्हणतो ओरिजिनलला हात लावू नका, तर ऐकायचं कुणाचं? आणि किटबरोबर कॉइल, प्लग, वायरी असं सगळंच बदलायचं का?

किट टाका. पण सगळ्यात शेवटी टाका. माझ्याकडे किट टाकूनही बरी न झालेल्या ज्या गाड्या येतात त्यांच्यात किट बहुतेक ठणठणीत असतं आणि खाली डेल्को पार खिळखिळा झालेला असतो. आपल्याकडचे कारीगर डिस्ट्रीब्युटरला, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीनं करंट वाटणाऱ्या डब्याला, डेल्कोच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहितोय.

किट नक्की काय करतं ते आधी समजून घ्या, कारण विकणारा हे सांगत नाही. कॉइलच्या प्रायमरीतून, म्हणजे कमी वेढ्यांच्या तारेतून, करंट वाहत असतो, पॉइंट उघडले की तो तुटतो, कॉइलमधलं चुंबकक्षेत्र एकदम कोसळतं आणि सेकंडरीत, म्हणजे जास्त वेढ्यांच्या तारेत, हजारो व्होल्ट तयार होऊन प्लगला ठिणगी पडते. चार्ल्स केटरिंगनं ही पद्धत १९१०च्या सुमारास कॅडिलॅकला दिली आणि तुमच्या गाडीपर्यंत मुळात काही बदललं नाही. पॉइंट म्हणजे यातला फक्त स्विच. किट तो स्विच काढतं आणि त्या जागी ट्रान्झिस्टरवाला स्विच ठेवतं, बस्स. ॲडव्हान्सची (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी) वजनं, शाफ्ट, बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची नळी), व्हॅक्यूमचा डबा, कॅप, रोटर, प्लग वायरी, यातल्या कशालाच किट हात लावत नाही. म्हणजे बिघाड पॉइंटमध्ये किंवा कंडेन्सरमध्ये (पॉइंटवरची ठिणगी आवरणारा छोटा डबा) असेल तर किटनं जाईल, बाकी कुठे असेल तर पैसे गेले आणि मिसिंग तिथेच.

आता पॉइंटची खरी अडचण कुठे आहे तेही सांगतो, म्हणजे किटचा फायदा पदरात किती पडतो ते कळेल. पॉइंटच्या मागे फायबरची टाच असते, ती कॅमवर घासत असते, झिजली की गॅप कमी होतो, गॅप कमी झाला की पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, हळूहळू मागे जातं. तुम्हाला एका दिवसात काहीच जाणवत नाही, फक्त दोन महिन्यांनी वाटतं की पिकअप गेला. शिवाय दर वेळी उघडताना बारीक ठिणगी पडते, एका बाजूला खड्डा होतो आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ येतं. कंडेन्सर चांगला असेल तर हे सावकाश होतं. तुमचे पॉइंट दोन महिन्यांत काळे होत असतील तर माझा पहिला संशय कंडेन्सरवर, आणि दुसरा कुणीतरी कॅमला भरमसाठ ग्रीस फासलंय यावर, ते वितळून पॉइंटवर उडतं आणि जळतं. मोहरीएवढं ग्रीस पुरतं.

आणि हो, पॉलिश पेपरनं घासलेले पॉइंट फार टिकत नाहीत, कागदाची रेती आत अडकून राहते. घासायचेच तर बारीक कानशीनं, मग पेट्रोलच्या फडक्यानं पुसून.

गरम झाल्यावरच्या मिसिंगचं बघू. यात इग्निशन आणि पेट्रोल अशा दोन पार्ट्या असतात आणि निम्मे लोक चुकीच्या पार्टीला पकडतात. एक सोपी युक्ती आहे. टायमिंग लाइट असतो ना, स्ट्रोब, त्याचा चिमटा कॉइलहून डेल्कोच्या मधल्या भोकात येणाऱ्या मेन वायरला लावा, गाडी गरम करा, आणि मिसिंग सुरू झालं की लाइटकडे बघा. उजेड एकसारखा चालू आहे आणि तरी इंजिन अडखळतंय, तर कॉइल आणि पॉइंट आपलं काम करतायत, पुढचं कॅप, रोटर, वायरी किंवा सरळ पेट्रोल बघा. लाइटच मधूनमधून गप्प होत असेल तर कॉइल, कंडेन्सर, पॉइंट किंवा त्यांच्या वायरी. एवढ्या एका तपासणीत अर्धं काम होतं. बडोद्याच्या मे महिन्यात, पारा बेचाळीसच्या वर असताना, पेट्रोलची वाफ होऊन पंप रिकामा फिरतो हेही खूप होतं, पावागडला माचीपर्यंत चढवलेल्या गाड्या वर जाऊन बंद पडतात त्यातल्या कितीतरी याच कारणानं, आणि मालक येतो तो कॉइल बदलूनच. शिवाय आता पंपावर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलला हवेच्या मानानं जास्त इंधन लागतं, जुनं कार्ब्युरेटर पूर्वीइतकंच देतं, म्हणजे मिक्श्चर पातळ होतं आणि पातळ मिक्श्चर पेटायला जड जातं. त्याचा दोष इग्निशनला देऊ नका. हां, ठिणगी जोरदार असेल तर असं मिक्श्चर जरा बरं पेटतं, तेवढा किटच्या बाजूचा मुद्दा मान्य.

आता डेल्को. कॅपच्या दोन क्लिपा काढा, कॅप उलटी करून उजेडात धरा. मधला कार्बन बोटानं दाबून बघा, स्प्रिंगवर आतबाहेर झाला पाहिजे. आत पेन्सिलीनं ओढल्यासारख्या बारीक काळ्या रेषा एका टर्मिनलपासून दुसऱ्याकडे गेलेल्या दिसल्या तर कॅप फेकून द्या, पुसून जात नाहीत त्या, करंटनं कोरलेल्या असतात. रात्री अंधारात बोनेट उघडून गाडी चालू ठेवली तर कॅपवर किंवा वायरींवर निळं निळं सरपटताना दिसतं तेही बघून घ्या, मात्र हात लावायचा नाही.

रोटर बघा. हल्ली बाजारात मिळणाऱ्या काही रोटरमध्ये पितळेची पट्टी रिव्हेटनं बसवलेली असते आणि तो रिव्हेट आत शाफ्टच्या फार जवळ जातो, थंड असताना चालतं, गरम झालं की करंट प्लगकडे जायच्या ऐवजी रिव्हेटमधून शाफ्टला उतरतो. अगदी तुमच्या तक्रारीसारखंच लक्षण. तपासायचं असं, कॅप बाजूला ठेवायची, मेन वायर इन्सुलेटेड पक्कडीनं धरून रोटरच्या पितळेपासून चारपाच मिलिमीटरवर ठेवायची आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं. रोटर चांगला असेल तर ठिणगीला पुढे जायला वाट नसते, त्यामुळे फार तर एखादी पडते. धडाधड पडत राहिल्या तर रोटर आतून फुटलाय. मी जुना, रिव्हेट नसलेला, चांगल्या बेकलाइटचा रोटर मिळाला तर नव्यापेक्षा तोच बसवतो.

रोटर काढला की खाली शाफ्टच्या टोकाला एक स्क्रू दिसेल. तिथे तेलाचे दोन थेंब टाकायचे असतात, स्क्रू काढायची गरज नाही, तेल बाजूनं उतरतं. हे वर्षानुवर्षं कुणी करत नाही. मग आतली ॲडव्हान्सची वजनं गंजतात किंवा जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट होतं. रोटर परत लावून त्याच्या फिरण्याच्या दिशेनं, म्हणजे तुमच्या इंजिनाला वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट, हातानं थोडा पिळा आणि सोडा. टपकन जागेवर आला पाहिजे. आळसावल्यासारखा आला किंवा तिथेच राहिला तर पॉइंट जिच्यावर बसतात ती बेस प्लेट काढून सगळं धुऊन घ्या. आत दोन स्प्रिंगा असतात, एक बारीक आणि एक जाड, आणि जाडीचं एक टोक खुंटीवर सैल असतं. ते सैल असायलाच हवं! कमी आरपीएमला फक्त बारीक स्प्रिंग काम करते, पुढे जाडी धरते. कितीतरी हुशार मंडळी ते टोक पक्कडीनं आवळून ठेवतात, आणि मग ॲडव्हान्सचा पूर्ण हिशेबच बिघडतो.

बेस प्लेटपाशी दोन लहान वायरी आहेत, त्यांना जरा वेळ द्या. एक विणलेली, प्लेटपासून बॉडीला जाणारी अर्थची, आणि दुसरी बाहेरच्या टर्मिनलपासून पॉइंटला येणारी. व्हॅक्यूम ॲडव्हान्समुळे प्लेट सतत मागेपुढे होत असते आणि तिच्याबरोबर या वायरीही वाकत असतात. वरून कापडाचं आवरण साबूत दिसतं आणि आत तांब्याच्या तारा तुटून दोनतीनच उरलेल्या असतात. गाडी आयडलला छान, रेस दिली की फटक, असं होत असेल तर इथेच बघा. वायरीला हळू ओढा, आत तुटली असेल तर रबरासारखी ताणली जाते. मग कारीगर म्हणतो 'साहेब, करंट नथी आवतो' आणि नवी कॉइल चढते, वायर तशीच राहते.

व्हॅक्यूमच्या डब्याची परीक्षा तोंडानं. कार्ब्युरेटरकडची नळी काढून ओढा, प्लेट सरकली पाहिजे आणि जिभेनं भोक बंद केल्यावर तिथेच थांबली पाहिजे. परत आली तर पडदा फाटलाय. गाडी त्याशिवाय चालते, पण पेट्रोल जास्त पिते आणि अर्ध्या रेसला मरगळल्यासारखी वाटते.

शेवटी शाफ्ट, आणि सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. शाफ्ट बोटांनी आडवा हलवून बघा. जाणवण्याइतका हलत असेल तर बुश गेलं. मग पॉइंटचा गॅप चार कॅमवर चार निघतो. पंधरा थाऊला (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे साधारण ०.३८ मिलिमीटरला, एका कॅमवर सेट करा, इंजिन फिरवून बाकी तीन मोजा, फरक जास्त असेल तर प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग वेगळं आहे. आणि लक्षात घ्या, डेल्को इंजिनाच्या अर्ध्या वेगानं फिरतो, म्हणून डेल्कोवरचा एक अंश म्हणजे क्रँकवर दोन. किटमधलं चुंबक अशा लटपटीला पॉइंटपेक्षा कमी घाबरतं, म्हणून लोकांना वाटतं बुश खराब असलं तरी चालून जातं. गाडी चालू राहते हे खरं, पण टायमिंग हलायचं ते हलतंच, आणि लटपट जास्त असेल तर चुंबकाची रिंग मॉड्युलला, म्हणजे किटच्या इलेक्ट्रॉनिक डबीला, घासून एक दिवस दोन्ही जातात. चांगला टर्नर असेल तर ब्राँझचं नवं बुश बनवून देतो. सच्छिद्र जातीचं मिळालं तर बसवायच्या आधी दिवसभर इंजिन ऑइलात बुडवून ठेवा.

एवढं झालं की नवे पॉइंट, नवा कंडेन्सर टाकून गाडी चालवा. मी सगळ्यांना हेच सांगतो, किट टाकायच्या आधी एकदा तरी पॉइंटवर ती नीट चालली पाहिजे. मग किट टाकल्यावर काही बिघडलं तर ते किटचंच आहे हे स्वच्छ कळतं. बऱ्याच जणांचं काम इथेच भागतं, आणि दुसऱ्या मेकॅनिकचं 'हात लावू नका' त्यांच्यापुरतं खरं ठरतं.

तुम्हाला हायवेला जायचंय, अहमदाबाद एक्सप्रेसवेला नव्वद-शंभर किलोमीटर एका दमात मारायचेत, तर किटचा फायदा आहे. हिशेब बघा. चार सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमला सेकंदाला १०० ठिणग्या मागतं, म्हणजे एका ठिणगीला १० मिलिसेकंद. लुकास कंपनीच्या डेल्कोचा ड्वेल, म्हणजे पॉइंट मिटलेले राहतात तो कोन, ९० पैकी साधारण ६० अंश, म्हणजे कॉइल भरायला मिळतात पावणेसात मिलिसेकंद, ते पुरतात. ५०००ला हेच चारवर येतं आणि कॉइल पूर्ण भरत नाही. ॲम्बेसिडर ५०००ला कोण पळवणार म्हणा. म्हणून 'पॉवर वाढते' असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. फायदा आहे तो टायमिंग महिनोन्महिने जागेवर राहण्याचा, आणि पॉइंटच्या काळजीतून सुटण्याचा. आणखी एक आपल्याकडचा फायदा, २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी घराघरांत शिरलं तेव्हा ज्या जुन्या गाड्या बुडाल्या त्यांचे पॉइंट गंजून खलास झाले. मॉड्युल इपॉक्सीत बंद असतं, त्याला ओलाव्याचं एवढं नाही. कॅप मात्र दोन्हीकडे वाळवावी लागतेच.

किट कुठलं घ्यायचं? साधं, डेल्कोच्या आत बसणारं, चुंबकाच्या रिंगवालं. बाहेरून काही दिसत नाही, आणि परत पॉइंटवर यायचं तर अर्ध्या तासात येता येतं. डेल्कोच सबंध गेला असेल तर हॉलंडच्या १२३ इग्निशनसारखा नवा, आत सोळा ॲडव्हान्स कर्व्ह असलेला घेता येतो, खर्च मात्र पुष्कळ. डेल्को काढून टाकून कॉइल पॅक आणि क्रँक सेन्सर लावणारे शौकीनही आहेत, सुंदर चालतं, पण रस्त्यात अडकलात तर सावली गावापासून हालोलपर्यंत कुणाला ते कळणार नाही. मारुती ८००चा डेल्को बसेल का असं विचारणारे भेटतात, अहो, ती तीन सिलिंडरची.

घेण्याआधी दोन गोष्टी बघायच्या. पहिली, अर्थ कुठला आहे. तुमच्या मार्क थ्रीला निगेटिव्ह असायला हवा, पण आधीच्या मार्क वन-टूमध्ये पॉझिटिव्ह अर्थ सापडतो, आणि निगेटिव्हचं किट त्याला लावलं तर चावी फिरवताक्षणी संपलं. बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला जातंय ते डोळ्यांनी बघा, कुणी सांगितलं म्हणून मानू नका. मधल्या काळात कुणी अर्थ उलटा करून घेतला असेल तर कॉइलच्या वायरीही बघा. जुन्या कॉइलवर प्लस-मायनस नसतं, एसडब्ल्यू आणि सीबी लिहिलेलं असतं, आणि ते पॉझिटिव्ह अर्थच्या हिशेबानं असतं. निगेटिव्ह केल्यावर त्या दोन वायरींची अदलाबदल लागते, नाहीतर ठिणगी पडते पण उलट्या दिशेनं, आणि तिला जास्त व्होल्टेज लागतं.

दुसरी, कॉइलचा रेझिस्टन्स. इग्निशन बंद, दोन्ही लहान वायरी काढा, मल्टीमीटर २०० ओहमवर, आधी त्याच्या दोन पिना एकमेकींना लावून येणारा आकडा लक्षात ठेवा आणि तो नंतर वजा करा. जुन्या साध्या कॉइलला तीनच्या आसपास येईल. दीड आला तर ती बॅलास्टवाली कॉइल आहे, लाइनीत कुठेतरी रेझिस्टर असला पाहिजे, आणि किटची लाल वायर त्या रेझिस्टरच्या आधीच्या बाजूला, पूर्ण १२ व्होल्टवर जोडायची. किटच्या कागदावर कमीत कमी किती ओहमची कॉइल चालेल ते लिहिलेलं असतं. 'स्पोर्ट्स कॉइल' म्हणून पाऊण ओहमची लाल-पिवळी कॉइल साध्या किटला लावायची नाही, मॉड्युल जळतं. तुमची मूळ तीन ओहमवाली, तेल न गळणारी कॉइल असेल तर तीच ठेवा.

बसवणं सोपं आहे. पॉइंट आणि कंडेन्सर काढा, प्लेट बसवा, रिंग कॅमवर दाबून बसवा, गॅप कागदात असेल तेवढा, लाल कॉइलच्या प्लसला (बॅलास्ट असेल तर वर सांगितलं तसं), काळी मायनसला. आतल्या वायरी रोटरला किंवा वजनांना लागत नाहीत ना ते इंजिन हातानं फिरवून बघा. आणि टायमिंग नव्यानं करायचं! मॉड्युल पॉइंटच्या नेमक्या जागी चालू-बंद होत नाही, काही अंशांचा फरक पडतोच, 'आधी होतं तसंच ठेवलंय' म्हणणाऱ्याची गाडी नंतर तापते. या इंजिनाच्या टायमिंगच्या खुणा बऱ्याचदा पुलीच्या खालच्या बाजूला असतात आणि वरून नीट दिसत नाहीत, म्हणून आधी खाली झोपून खाच शोधा, खडूनं पांढरी करा. व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा, आयडलला मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणा, मग रेस देऊन खूण हळूहळू सरकते का आणि सोडल्यावर पूर्ण परत येते का ते बघा. नंतर चढावर टॉप गिअरमध्ये दाबून बघा, इंजिनातून खडखड आली तर जरा मागे घ्या. डेल्कोच्या बाजूला ए आणि आर लिहिलेली गोल दातेरी चकती असेल तर ती याचसाठी आहे, क्लिक क्लिक करून फिरवा, डेल्को सैल करायची गरज नाही.

प्लगचा गॅप पॉइंटवर २५ थाऊ असतो, किट टाकल्यावर ३०पर्यंत नेलात तरी बास, मूळ कॉइलवर ४० करायला जाऊ नका, त्याचा ताण जुन्या कॅप आणि रोटरवर येतो. प्लगच्या वायरी मात्र बदला. तांब्याच्या तारेच्या वायरींचा रेडिओत जो किर्रर्र आवाज येतो, तोच त्रास मॉड्युलला होतो, म्हणून रेझिस्टन्सवाल्या वायरी किंवा रेझिस्टरवाले प्लग, दोन्हीपैकी एक तरी हवं.

आणि एक सवय सोडावी लागेल. इंजिन बंद आणि चावी ऑन ठेवून गाणी ऐकत बसायचं नाही. साध्या किटमध्ये कॉइल तशीच चालू राहू शकते, १२ व्होल्ट भागिले ३ ओहम म्हणजे ४ अँपिअर, ४८ वॅटची उष्णता कॉइलमध्ये आणि मॉड्युलही तापतंय. रेडिओची वायर वेगळी घ्या.

जुने पॉइंट, कंडेन्सर, गॅप मोजायचा एक फिलर गेज डिकीत राहू द्या. किट मागवण्याआधी कॉइलचे ओहम किती आले, आणि स्ट्रोब लावल्यावर मिसिंगच्या वेळी लाइट गप्प झाला की चालू राहिला, हे दोन कळवा, म्हणजे कुठलं घ्यायचं आणि मुळात घ्यायचं का ते सांगतो.